तांब्याची खरखर

आबांनी तांब्या ओढला की पंगत उठायची. तोवर नाही. दत्तोबांच्या, म्हणजे आबांच्या, घरात कायदा म्हणावा असा एवढाच होता. शेतावरून उशिरा या, रुसून बसा, भाऊभाऊ आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलू नका, सगळं खपायचं. पण आबांच्या आधी पानावरून उठायचं नाही. आबांच्या उजव्या हाताला, सारवलेली जमीन ओली होऊ नये म्हणून, एक सपाट दगड बसवलेला होता आणि त्यावर पितळेचा तांब्या असायचा. जेवण झालं की हात धुवायला आबा तो पुढे ओढत. दगडावर खर्र आवाज होई, तो पार चुलीपर्यंत ऐकू जाई. मग इकडे थोरला रंगराव, धाकटा बाळाजी आणि पोरंटोरं उठत, आणि तिकडे सरुबाई दोन्ही सुनांना म्हणे, "चला गं, आता आपली पानं घ्या."

सरुबाई नवरी होऊन आली तेव्हा तो तांब्या सासऱ्यांच्या उजव्या हाताला होता. त्याची खरखर ऐकता ऐकता ती सुनेची सासू झाली. चऱ्होलीच्या घाटाला इंद्रायणीचं पाणी कितीदा लागलं आणि कितीदा ओसरलं, पण त्या आवाजाआधी पंगतीतून कुणी उठल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं. ते तिने यंदा पितृपक्षात, सासऱ्यांच्या म्हाळाला पाहिलं, आणि उठला तो तिचा लाडका बाळाजीच.

बाळाजी सातवी पास झालेला, गेल्या सालापासून पिंपरीच्या नव्या कंपनीत लागलेला. त्याच्या वाट्याला कायम दुपारची पाळी. जेवायचं, सायकलवर टांग मारायची आणि भोसरीवरून भोंगा व्हायच्या आत गेट गाठायचं. सालभर ते जमलं, कारण आबा भराभर जेवायचे. पण या पावसाळ्यात आबांचे उरलेसुरले दात गेले आणि पंगत लांबायला लागली. "तू आधीच जेवून घेत जा रं," असं सरुबाईने एकदा सुचवून पाहिलं, तर बाळाजी म्हणाला, "चुलीपाशी बायकांच्यात बसून? मी काय आजारी हाय का?" आणि आबा म्हणाले, "एकटा जेवाय लागला की त्यो घरचा ऱ्हात न्हाई, खानावळीचा व्हतो." तेव्हा तो विषय तिथेच संपला.

म्हाळाला आबांची थोरली बहीण गोजाबाई आळंदीहून आली होती. आळू, वडे, खीर, सगळं साग्रसंगीत. आबांना त्या दिवशी वडलांची आठवण आलेली. वड्याचा एकेक तुकडा तोंडात घोळवत ते वडलांनी घेतलेल्या पहिल्या बैलजोडीची गोष्ट सांगत होते. बैल अजून चाकणच्या बाजारातच होते आणि उंबऱ्यातलं ऊन सरकत बाळाजीच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. खिरीचं पातेलं घेऊन दारात उभ्या असलेल्या सरुबाईला त्याचा हात दिसत होता. त्यावरचा भात वाळून पांढरा पडला होता.

"आबा, माझी पाळी हाय," बाळाजी एकदम म्हणाला. "येतो मी."

आणि तो उठला.

"आरं बस!" गोजाबाई आतून ओरडली. "आरं, बापाचं पान भरलंय अजून! आज तुझा आज्जा जेवायला आलाय, त्याला तरी भी!"

बाहेर रांजणावर हात धुतल्याचा आवाज आला, मग सायकलची साखळी खडखडली. आबांनी सुरू केलेलं वाक्य पुरं केलं, बैल घरी आणले, आणि तांब्या ओढला. त्यांच्या वाटीतली खीर तशीच राहिली.

तांब्या वाजला तरी पंगत हलली नाही. गोजाबाई पदर खोचून माजघरात आली.

"दत्तू, तू काय बोलला न्हाईस?"

"काय बोलू, आक्का?"

"काय बोलू म्हंजी? मान म्हनून काय ऱ्हायलाय का न्हाई ह्या घरात? आपला बा जेवत असला तर दारात साप आला तरी कुनी उठत नव्हतं!"

"साप आला असता तर उठलो असतो," आबा म्हणाले आणि पान-सुपारी कुटायला घेतली.

पण रंगराव हसण्याच्या मनःस्थितीत नव्हता. बोलणं कमी, काम जास्त, असा तो माणूस. शब्द आतल्या आत साठवायचा आणि एकदाच सगळे काढायचा.

"आत्या, मान आमीच ठिवायचा," तो म्हणाला. "कंपनीवाल्यानं घड्याळाचा ठिवायचा. माझे बी बैल उनात उभे असत्यात. मी उठतो का? एका घरात दोन कायदे चालायचे न्हाईत. त्याला जमत नसंल तर चूल येगळी करावी."

चूल वेगळी. हे शब्द या घरात पहिल्यांदाच उच्चारले गेले. थोरली सून तानाबाई नवऱ्याकडे बघून खाली बघायला लागली. धाकटी दुर्गा भांडी तेवढी राखेने जोरजोरात घासत राहिली. देवाकडे सरुबाईने आजवर फार काही मागितलं नव्हतं. दोन्ही पोरं एका पंगतीत जेवावीत आणि आपल्या डोळ्यांनी ती जेवताना दिसावीत, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाजीने आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. "ऊठ," आबा म्हणाले, "म्हशीची धार काढायचीय." झालं. आणि त्या दुपारपासून एक नवल घडलं. तांब्या लवकर वाजायला लागला. बाळाजीचा शेवटचा घास गिळून होतो न होतो तोच खर्र. कुणाचा हात वाळेना, कुणाची चुळबुळ होईना. बाळाजी सायकलवर शीळ घालत जायला लागला, रंगरावाचे बैल वेळेवर औताला जायला लागले, आणि गोजाबाईने सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं. "बगा, जरा आवाज चढवला की कसं सगळं सरळ व्हतं." दिवाळी झाल्याशिवाय ती आळंदीला जायची नव्हती, हेही त्याच दमात सांगून टाकलं.

सरुबाई तर हरखूनच गेली होती. तिचं कारण वेगळं होतं आणि कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. ती आबांच्याच उष्ट्या पितळीत जेवायची, त्या काळी बायका जेवत तशी. पहिल्या वर्षी, सासू गूळ कुलपात ठेवायची तेव्हा, आबा आपल्या वाटचा गुळाचा खडा पितळीच्या कडेला सोडून उठायचे. तोंडाने कधी एक शब्द नाही. तो खडा तेव्हापासून रोज यायचा. कुलूप गेलं, सासू गेली, पण खडा यायचा राहिला नाही. आणि आता म्हाळापासून गुळाबरोबर अर्धी भाकरीही यायला लागली. कधी वाटीत कालवण, कधी भाताचा ढीग. म्हातारपणी माणूस मायाळू झालाय, असं सरुबाईला वाटलं. या वयात लाज वाटावी इतका आनंद तिला झाला, आणि ती ते सगळं चवीने खात राहिली.

दिवाळीच्या तोंडावर कासाराकडून नव्या बांगड्या भरायची वेळ आली, तर जुन्या हातातून निघेनात. "सासूबाई, बाळसं धरलंय तुमी," तानाबाई हसून म्हणाली. सरुबाईही हसली. हसता हसता तिची नजर अंगणात गेली. आबा आडातून पाणी शेंदत होते आणि त्यांची पैरण खुंटीला अडकवल्यासारखी अंगावर लोंबत होती. तिचं हसू तिथेच थांबलं.

आपण महिनाभर काय खात होतो, ते तिला तेव्हा कळलं.

त्या दुपारी तिने भाकरी दुधात कुस्करून मऊ काला केला आणि आबांपुढे ठेवला. आबांनी तो सगळ्या पंगतीदेखत बाजूला सारला. "मी काय रांगतो का?" गोजाबाईनेही सरुबाईकडे डोळे वटारले. नंतर सगळे पांगल्यावर सरुबाई गोठ्यात गेली. आबा म्हशीपुढे वैरण टाकत होते.

"तुमी उपाशी उठता," ती म्हणाली.

"कोन म्हनतं?"

"माझ्या बांगड्या म्हनत्यात."

आबांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि ते हसले. मग गव्हाणीच्या कडेवर बसले. बसताना त्यांनी खांबाला धरलं, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"त्यो उठला त्या दिवशी मला राग न्हाई आला," ते म्हणाले. "सांगून उठला पोरगा. म्या म्हनलं, माझ्यापायी त्यानं हात वाळवत का बसावं? आपुनच आटपावं."

"मग सांगा की पंगतीत. म्हनावं, ज्याचं झालं त्यानं उठावं."

"आन रंगाला काय सांगू? त्याला ह्या घरात काय धरून ठिवतंय, ठावं हाय का तुला? जमीन न्हाई, मी न्हाई. त्यो तांब्या धरून ठिवतोय. उद्या तांब्या सुटला की रंगा सुटला."

म्हैस रवंथ करत होती. आबा आपल्याच तळहाताकडे बघत होते.

"माझा बा म्हातारा झाला तवा मी बी असाच बसायचो," ते म्हणाले. "लोकं म्हनायची, दत्तूसारखा मान ठिवनारा पोरगा पंचक्रोशीत न्हाई. आन मी मनात म्हनायचो, आटप की रं थेरड्या. रोज म्हनायचो. तोंडावर मान आन मनात ह्ये. मग त्यो गेला." त्यांनी नाक पुसलं. "तवापासनं कितीदा वाटलं, सरे, एक डाव त्यानं परत येऊन जेवाय बसावं. दिस मावळंपातुर जेवू दे. मी बसतो हात वाळवत."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आबांनी तिला 'सरे' म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. त्या हाकेने तिला आनंदही झाला आणि भीतीही वाटली. घरातून निघायच्या तयारीतला माणूस असं बोलतो. घर एक राहावं म्हणून हा माणूस घासाघासाने कमी होत होता, आणि ते घर एक राहावं ही तर तिचीच इच्छा होती. दोन्ही गोष्टी आपल्याला मिळायच्या नाहीत हे तिला गोठ्यातच समजलं. कोणती सोडायची, ते ठरवायला मात्र पाडवा उजाडावा लागला.

पाडव्याला सगळं घर पंगतीला होतं. पुरणपोळी, तुपाची धार, आमटी. सकाळी सरुबाईने आबांना ओवाळलं होतं. कुंकू लावताना कपाळाचं हाड बोटाला लागलं, आणि तिचं ठरलं. पंगत बसायच्या आधी तिने दगडावरचा तांब्या उचलला आणि बाहेर उंबऱ्यापाशी नेऊन ठेवला.

बाळाजीचं जेवण उरकत आलं तसा आबांचा उजवा हात सवयीने बाजूला गेला. पोळी अर्धीही झाली नव्हती. हात दगडावर चाचपडला.

"तांब्या कुठं गेला?"

"आबा, आज सुट्टी हाय मला," बाळाजी म्हणाला. "दिवाळीची. पाळी न्हाई. जेवा की निवांत."

"त्यांना काय ठावं सुट्टीचं," सरुबाई म्हणाली. ती पंगतीच्या मधोमध उभी होती, तुपाची वाटी हातात घेऊन. इतक्या माणसांत तिचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता, तिने स्वतःसुद्धा. "त्यांना तुझी पाळी तेवढी ठावं हाय. म्हाळापासनं अर्ध्या पोटी उठत्यात त्ये. तू वेळंवर जावास म्हनून."

बाळाजीचा घास हातातच राहिला.

"आगं सरू!" गोजाबाईने कपाळावर हात मारला. "भरल्या पंगतीत बाईमानूस—"

"आक्का, महिनाभर त्यांच्या वाटची भाकरी मी खाल्ली. मी न्हाई तर कोन बोलनार? तांब्या दारात हाय. ज्याचं झालं त्यानं तितं हात धुवावा. ह्यांचं व्हायचंय अजून. ह्यांच्यासंगं मी बसते." आणि खरंच, तुपाची वाटी खाली ठेवून ती आबांच्या समोर बसली.

कुणी उठलं नाही. बाळाजीची मान खाली गेली होती आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी आमटीत पडत होतं. मग रंगराव बोलला. हळू बोलला, म्हणूनच सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

"म्हंजी जो उठून गेला त्याच्यासाठी तुमी उपाशी ऱ्हायला, आबा. आन मी रोज बसलो. लहानपनापासनं बसलो. त्ये कुनी बघितलं?"

"रंगा..." आबा म्हणाले.

"तांब्या दारात हाय न्हवं?" रंगराव म्हणाला. तो उठला. उंबऱ्यापाशी जाऊन त्याने हात धुतला, बराच वेळ धुतला. संध्याकाळी त्याने गोजाबाईकरवी निरोप दिला की दिवाळी झाल्यावर आपली चूल वेगळी होईल. आबांनी जे गोठ्यात सांगितलं होतं ते अगदी तसंच झालं. त्यांनी सरुबाईला एका शब्दाने बोल लावला नाही. तिने मात्र स्वतःला रात्रंदिवस लावला.

माजघराच्या मधोमध कुडाची आडभिंत घातली गेली. अलीकडे आबा, सरुबाई, बाळाजी, दुर्गा. पलीकडे रंगराव, तानाबाई आणि पोरं. गोजाबाई आळंदीला गेली, जाताना उंबऱ्यावर डोळे पुसून गेली. आबा आता सावकाश जेवत. पैरण पुन्हा अंगाला बसू लागली होती. बाळाजी आपलं जेवण झालं की हात धुवायचा आणि पाळीला वेळ असेल तेवढा पुन्हा येऊन आबांजवळ टेकायचा; मग सायकल घेऊन निघायचा. पितळीत गुळाचा खडा तेवढा यायचा, भाकरी यायची नाही. हेच तर हवं होतं आपल्याला, असं सरुबाई स्वतःला सांगायची. पण दगड मोकळाच होता. जेवणाच्या शेवटी तिचे कान आपोआप त्या आवाजाची वाट बघायचे आणि आवाज यायचा नाही. कुडापलीकडे भांडी वाजली की रंगा काय जेवला असेल, असं तिच्या मनात यायचं आणि तिचा घास फिरायचा.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी ताक घुसळून झालं. बाळाजी निघून गेला होता, आबा अजून पानावर होते. सरुबाई ताकाचं गाडगं घेऊन अंगणातून वळसा घालून पलीकडच्या दारात गेली. आत रंगराव एकटाच कुडाला पाठ लावून बसला होता. पुढ्यातलं ताट पुसून लख्ख होतं. पोरं कधीच जेवून खेळायला गेली होती. त्याचा उजवा हात गुडघ्यावर होता, बोटांवर पिठलं वाळलेलं. त्याचे डोळे मिटलेले होते.

तानाबाई लगबगीने बाहेर आली आणि तिने सासूला बाजूला ओढलं.

"रोज असंच, सासूबाई," ती हळूच म्हणाली. "जेवान झालं तरी उठत न्हाईत. कुडाला कान लावून बसत्यात. मला म्हनत्यात, पल्याड आवाज झाला का गं? आता आवाज येतोच कुठं! मग कवातरी आपलं आपुनच उठत्यात. तवर बैल उनात."

सरुबाईने गाडगं तिच्या हातात दिलं. ती तशीच अंगणातून परत फिरली, उंबऱ्यापाशी वाकली, तिथला तांब्या उचलला, पाणी भरलं आणि आबांच्या उजव्या हाताला, त्या सपाट दगडावर नेऊन ठेवला.

आबांनी वर पाहिलं. "आता कशाला? पंगतीला हाय कोन?"

"जेवा तुमी. घाई करू नगा," ती म्हणाली. "पन झालं की जरा जोरात ओढा. कुडापल्याड रंगा बसलाय. हात वाळवत."

आबांचा हात पानावरच थांबला. मग त्यांनी उरलेली भाकरी घेतली, कालवणात बुडवली आणि एकेक घास सावकाश खाल्ला. सगळी संपवली. गुळाचा खडा कडेला सारला. तांब्याच्या गळ्याला हात घातला आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून तो दगडावरून ओढला.

खर्र आवाज झाला. कुडापलीकडे कुणीतरी उठलं, आणि थोड्या वेळाने चूळ भरल्याचा आवाज आला.